किल्ली, नदी, खुर्ची

औषधांच्या दुकानातून फोन आला तेव्हा तिचा वर्ग उत्तरं गात होता. वर्गात फोन घ्यायचा नाही, हा नियम तिनेच नव्या शिक्षिकांना शिकवलेला. पण पर्समध्ये तो थरथरून थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबून पुन्हा थरथरला, तेव्हा एका हाताने वर्गाला ताल देत तिने दुसऱ्या हाताने तो कानाला लावला. पलीकडे दुकानातली मालकीण होती. "मॅडम, तुमच्या आई आमच्याकडे बसल्यात. त्यांच्या पिशवीत तुमचा नंबर सापडला. घाबरू नका, पडल्याबिडल्या नाहीत. पण एकट्याच आल्यात आणि दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला आहेत. घर कुठं विचारलं तर सांगत नाहीत." मग काय सांगतेय, असं तिने विचारलं. मालकीण जरा घुटमळली. "आता काय सांगू तुम्हाला. गातायत. मी म्हटलं, आजी, नाव सांगा, तर म्हणतात, किल्ली, नदी, खुर्ची. म्हटलं, राहता कुठं, तर म्हणतात, पहिला मजला, आज सोमवार. आज गुरुवार ना हो? आणि म्हणून झालं की माझ्याकडे बघून हसतात. मी शाबासकी द्यायची राहिल्यासारखं." मागे मुलं गातच होती. उतारा चौथा, प्रश्न पहिला, पर्याय तीन. चाल सोपी होती, तिनेच बसवलेली, तीन स्वर चढायचे आणि दोन उतरायचे. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला हात अजून ताल देतोय, आणि फोनवर मालकिणीने सांगितलेले ते तीन शब्द, किल्ली, नदी, खुर्ची, याच चालीवरचे आहेत.

हात थांबला तशी मुलंही थांबली, पंख्याचं बटण बंद केल्यावर पातं थांबतं तशी, सावकाश आणि एकेक करून. मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन तिने सुट्टी मागितली. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली नातवाचा फोटो होता आणि भिंतीवर गेल्या वर्षीच्या चाचणीचा तक्ता, त्यात शाळेच्या नावापुढे लाल वर्तुळ. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, एकाच दिवशी, एकाच घटकेला उघडायची, आणि मुलांनी बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा. ते गोल यंत्र तपासायचं. यंत्राला मूल दिसत नाही म्हणून यंत्र भेदभाव करत नाही, असं त्या दर सभेत सांगत, आणि खरोखरच मनापासून सांगत. "जा, जा, आई आहे," त्या म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, "पण उद्या याल ना? चाचणी तोंडावर आलीय. तुमच्या वर्गावरच तर आपली सगळी भिस्त." चित्रकलेचे सर दाराशी उभे होते. त्यांचा तास चाचणीच्या सरावासाठी काढून घेतल्यापासून ते असेच कुठल्या ना कुठल्या दाराशी उभे असत. "वर्ग मी बघतो," ते म्हणाले. "माझा तास तुम्ही घेतलात, आज तुमचा मी घेतो. फिट्टंफाट. गाता येत नाही मला, पण मुलांना आता गाणाऱ्याची गरज कुठं आहे, नुसती किल्ली दिली की झालं." ते हसले. तीही हसली, आणि जिना उतरताना तो शब्द पायात आल्यासारखी कठड्याला धरून उभी राहिली.

आई दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात लेकीची. आजूबाजूला खोकल्याच्या बाटल्या, लहान मुलांच्या दुधाचे डबे, वजनाचा काटा. लेक दिसताच आईचा चेहरा उजळला, आणि "आलीस?" असं न म्हणता, "किती उशीर गं" असंही न म्हणता, ती पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, "किल्ली, नदी, खुर्ची. आज सोमवार. पहिला मजला. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, त्र्याण्णवातून सात गेले शहाऐंशी." कुठे अडखळली नाही की दम घेतला नाही. दुकानात औषध घ्यायला आलेला एक माणूस कौतुकाने म्हणाला, "वा, आजींची स्मरणशक्ती काय आहे!" आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर लेकीच्या तोंडावर होती, भुवईवर, ओठाच्या कोपऱ्यावर, तिथून उत्तर बरोबर की चूक हे कळणार होतं. "बरोबर ना?" तिने विचारलं. "आता आइस्क्रीम?"

ही नजर तिच्या ओळखीची होती. रोज वर्गात तिच्यासमोर बाकाबाकावर ती बसलेली असे. पण आईच्या डोळ्यांत ती कधी आली, कशी आली, याचा शोध घेत ती आईचा हात धरून रस्त्याच्या कडेने चालत राहिली. आईच्या हाताला घाम होता. वाटेत बस गेली, सायकली गेल्या, एका दुकानदाराने पदपथावर पाणी ओतलं आणि आईने लहान पोरीसारखी त्यावरून उडी मारायचा प्रयत्न केला. आईच्या हाताला असा घाम पहिल्यांदा दवाखान्यातून परत येताना आला होता. त्या दिवशी तरुण डॉक्टरने छापील कागद पुढ्यात घेऊन प्रश्न विचारले होते. आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, मी तीन शब्द सांगतो ते लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत चला, घड्याळ काढा, मनातलं कोणतंही एक वाक्य लिहा. डॉक्टर गोड बोलायचा, पण चुकलेल्या उत्तरापुढे त्याची पेन्सिल छोटीशी फुली मारायची आणि प्रत्येक फुलीला आईचे खांदे किंचित आत जायचे. तिसरा शब्द आईला काही केल्या आठवला नाही. ती खोलीभर बघत राहिली, आणि ज्या खुर्चीवर ती बसली होती तिचाच हात घट्ट धरून म्हणाली, "आत्ता होता हो इथंच." शेवटी डॉक्टर म्हणाला होता, घाबरायचं कारण नाही, वयानुसार थोडं होतं, काही महिन्यांनी पुन्हा बघू, तेव्हा गुण उतरलेले दिसले तर पुढच्या तपासण्या करू, औषध सुरू करू, आणि घरी सोबतीची व्यवस्था. बसमध्ये आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी नापास झाले का गं?" नापास कुठलं, ती म्हणाली होती. "मला नापास नको करूस," आई म्हणाली होती, आणि तिने चटकन, विचार न करता, वर्गात रोज म्हणते तसंच म्हटलं होतं, "पुढच्या खेपेला बघू."

नापास हा शब्द आईच्या अंगात फार खोल बसलेला होता. लहानपणी एका परीक्षेला ती बसली आणि एकाच पेपरात राहिली, थोडक्यात राहिली. तिच्या वडिलांनी निकालाचा कागद पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, बरं झालं, घरात कामाला हात मिळाला. तो तिचा शाळेचा शेवटचा दिवस. ती काही ढ नव्हती. सावकाश होती, एवढंच. प्रश्न विचारला की तो हातात घेऊन फिरवून बघायची. हा प्रश्न कुणी विचारला, का विचारला, विचारणाऱ्याच्या घरी काय चाललं असेल, अशी ती त्याच्या सगळ्या बाजूंनी हिंडून यायची आणि तोपर्यंत घंटा व्हायची. या हिंडण्याचं कौतुक आयुष्यात एकाच माणसाने केलं, ते म्हणजे तिच्या नवऱ्याने, या लेकीच्या वडिलांनी. ते प्रार्थनेच्या सभागृहात देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. दिवसा गोदामात हिशेबनीस, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी पांढरा सदरा घालून उभे राहिले की वेगळेच कुणी. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्यात जागा होती, शेजारच्याला सरकून बसायला देतात तशी. गोष्ट ऐन रंगात आली की ते थांबत. हातातला ताल थांबे, वाजवणाऱ्याची बोटं थांबत, आणि ते समोर बसलेल्यांना विचारत, "मग काय झालं असेल?" विचारून गप्प राहत. किती वेळ! लहानपणी ती पहिल्या रांगेत आईला चिकटून बसलेली असे आणि त्या शांततेत आईचा पदर ओढत राही. बाबा विसरले की काय, आता लोक हसतील. पण बाबा उभे असत, डोळे अर्धे मिटून, देवाची चाहूल घेत असल्यासारखे. एकदा हरवलेल्या वासराची गोष्ट होती. वासरू कुठं गेलं असेल, त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं नदीला, कुणी म्हणालं रानात. मग आई, जिला कुणी बाहेर बोलताना ऐकलं नव्हतं, ती हळूच म्हणाली, "वासरू कुठंच गेलं नाही. गायच पुढं निघून गेली." सभागृहात कुणी हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी आईकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "ऐका मंडळी, आज गोष्टीला देवानं इथून वळण दिलंय," आणि ती सगळी गोष्ट त्यांनी गाईची करून गायली. पुढं निघून गेलेल्या गाईला आपली हाक ऐकू येईना, म्हणून देव तिच्या मागे हाक होऊन चालत राहिला. असं काहीसं. नेमकं तिला आठवत नव्हतं. चाल आठवत होती. तीन स्वर चढायचे, दोन उतरायचे.

घरी येऊन आई झोपली. दुपारच्या उन्हाचा चौकोन स्वयंपाकघराच्या टेबलावर पडला होता. याच टेबलाशी तिने आईला शिकवलं होतं. डॉक्टरचे प्रश्न लक्षात ठेवायला तिला काही कष्ट पडले नव्हते, प्रश्नपत्रिका एकदा बघितली की तिच्या डोक्यात छापली जाई, वर्षानुवर्षांची सवय. आणि नापास होऊ घातलेल्या मुलाचं काय करायचं, हेही तिला ठाऊक होतं. त्याला सगळं शिकवत बसायचं नाही, तेवढा वेळ नसतो, जे विचारणार तेवढं पक्कं करायचं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सकाळी वेणी घालताना, किल्ली, नदी, खुर्ची. आईला नुसते शब्द राहत नव्हते म्हणून तिने चाल लावली. सुराला लागलं की आईच्या तोंडात ते साखरेसारखे विरघळत. बरोबर आलं की आइस्क्रीम. वाक्यसुद्धा ठरवून दिलं, आज हवा छान आहे. सोपं, छोटं, चूक व्हायला जागाच नाही. आई एकदा म्हणाली होती, "पण नसली छान तर?" आणि तिने हसून म्हटलं होतं, "आई, ते बघायला कुणी खिडकीशी जाणार नाहीये." पुढच्या खेपेला आईने डॉक्टरसमोर घडाघडा सगळं म्हटलं. योगायोगाने सोमवारच होता, खोली पहिल्या मजल्यावरचीच. डॉक्टरची पेन्सिल बरोबरच्या खुणा करत खाली गेली. "उत्तम," तो म्हणाला, "सुधारणा आहे. औषधाची काही गरज दिसत नाही." घरी सोबत ठेवायचा विषयच निघाला नाही. त्या दिवशी जिना उतरताना तिला कोण आनंद झाला होता! निकालाच्या दिवशी होतो तोच, ओळखीचा, छातीत भरून येणारा. आपला वर्ग पहिला आला.

आता त्या रिकाम्या चौकोनाकडे बघताना तिला वाटलं, आपण आईच्या घराला बाहेरून फार सुंदर रंग दिला. आत दिवे एकेक करून विझत असताना आपण रंग देत होतो. आणि ज्याने आत येऊन बघायचं, त्याला आपणच दारातून सांगितलं, सगळं छान आहे, जा. गेल्या महिन्यात आईने दोनदा दूध उतू घालवलं होतं. भावाच्या मुलीला, स्वतःच्या नातीला, भावाच्या नावाने हाक मारली होती. स्नानघरातून बाहेर येऊन कुठल्या खोलीत जायचं ते न कळून भिंतीला हात लावून उभी राहिली होती. हे सगळं तिने पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं. कागदावर सुधारणा होती ना! डोळ्यांनी पाहिलेल्या आईपेक्षा तिने कागदावरच्या आईवर विश्वास ठेवला होता. देवा, ती पुटपुटली. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही. बाबांना अशा वेळी काहीतरी सुचलं असतं. त्यांनी चाल लावली की ऐकणाऱ्याचं दार उघडायचं. आपण त्याच चालीने दारं लावून घेत आलो, आईचं आणि त्या सगळ्या पोरांचं. आतल्या खोलीतून आई झोपेत काहीतरी म्हणाली. ती कान देऊन ऐकत राहिली. शब्द कळले नाहीत, सूर कळला.

दुसऱ्या दिवशी सोबतीला मावशीला बसवून ती शाळेत गेली. वर्गात शिरताच मुलांनी आपणहून सुरू केलं, उतारा चौथा, प्रश्न पहिला, पर्याय तीन. तिने हात वर केला आणि थांबवलं. चौथा उतारा एका म्हाताऱ्याचा होता. तो उतारवयात अंगणात विहीर खणायला घेतो, शेजारी हसतात, म्हाताऱ्याने विहीर का खणली? पर्याय तीन, पुढच्या पिढीला पाणी मिळावे म्हणून. "आता मी एक विचारते," ती म्हणाली. "पर्याय बाजूला ठेवा. तुम्हाला काय वाटतं, त्यानं विहीर का खणली असेल?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पर्याय तीन!" ती म्हणाली, "नाही, पर्याय नाही. तुम्हाला काय वाटतं?" मुलं गोंधळली. पुढच्या बाकावरचा हुशार म्हणून गणला जाणारा मुलगा सावधपणे म्हणाला, "पर्याय दोन?" ती हसली नाही. ती उभी राहिली, बाबांसारखी, डोळे अर्धे मिटून. बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकली. मिटल्या डोळ्यांतूनही तिला कळत होतं, सगळे तिच्या भुवईकडे, ओठाच्या कोपऱ्याकडे बघतायत, उत्तर तिथं कुठं लिहिलंय का ते शोधतायत.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे पणबाई म्हणत. कारण तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई" असं सुरू व्हायचं. पण बाई, सूर्य कधी झोपतो? पण बाई, शून्याला वाईट वाटत नसेल? वर्षाच्या सुरुवातीला तिने सगळ्या वर्गाला वैताग आणला होता, आणि सरावाच्या दिवसांत एकदा बाईंनीच चिडून म्हटलं होतं, "पणबाई, चाचणीत पण नसतो. चार गोल असतात." त्यानंतर ती गप्प झाली होती, इतकी की बाईंनी पालकसभेत तिच्या प्रगतीबद्दल तिच्या आईचं अभिनंदन केलं होतं. आता या शांततेत बाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं?" पणबाई उठून उभी राहिली. "बाई, हे चाचणीत आहे?" नाही, बाई म्हणाल्या. मुलीने प्रामाणिकपणे विचारलं, त्यात टोमणा नव्हता, तेच तर वाईट, "मग सांगून काय उपयोग?" कुणी हसलं नाही. वर्गाला तो प्रश्न रास्त वाटला होता. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि फळ्याकडे वळून, काही लिहायचं नसताना, खडू हातात घेतला.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर चहा गाळत होते. "काल तुमच्या वर्गाला मी म्हटलं, घर काढा," ते म्हणाले. "तर विचारतात, कुठल्या पर्यायातलं? शेवटी मीच फळ्यावर काढलं, सगळ्यांनी तेच काढलं. अगदी माझं धुराडं वाकडं आलं होतं, तेसुद्धा वाकडं. शंभर टक्के निकाल, मॅडम! पेढे…" आणि तिचा चेहरा बघून ते थांबले. "आई कशा आहेत?" तिने सांगायला तोंड उघडलं आणि आतून, कुणी ढकलल्यासारखे, ते तीनच शब्द वर आले. ते गिळून ती म्हणाली, "माहीत नाही. मी विचारलंच नाही कधी." सरांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी तिच्या कपात चहा जरा जास्त ओतला.

शाळा सुटताना ती फाटकाशी उभी होती. मुलं आयाबापांकडे धावत होती. पणबाई मात्र मागे रेंगाळली, दप्तराच्या पट्ट्यात अंगठे अडकवून, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. मग जवळ आली आणि कुणी ऐकत नाही ना बघून म्हणाली, "पण बाई." बाई खाली वाकल्या. "बोल." "तो म्हातारा. त्याला पाणी नकोच असेल. त्याला खाली एकटं बसायचं असेल. वर सगळे त्याला सारखे प्रश्न विचारत असतील." एवढं बोलून ती घाबरली, हे बरोबर आहे की चूक याची वाट न बघता पळाली, आणि फाटकाबाहेर आपल्या आजीच्या हाताला जाऊन लोंबकळली. ती तिथेच उभी राहिली. पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा वाजवत विचारलं, "बाई, बंद करू?" नका, ती म्हणाली, थांबा जरा, आणि तिथूनच, फाटकात उभं राहूनच तिने दवाखान्याला फोन लावला.

दवाखान्यात आईला बाहेर बसवून तिने डॉक्टरला आधी सगळं सांगितलं. सांगताना वाक्यं तिने मनात तयार करून नेली होती, पण ती एकही वेळेवर आली नाहीत. "मागच्या वेळचे गुण तिचे नव्हते," ती म्हणाली. "माझे होते." डॉक्टरला आधी कळेना. मग कळल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पेपर फुटला होता?" आणि लगेच तो ओशाळला, माफ करा म्हणाला. ती म्हणाली, माफी कसली, तेच झालंय. त्याने खणातून दुसरा छापील कागद काढला, यात शब्द वेगळे होते. "तुम्ही मागे बसा," तो म्हणाला. "त्यांना तुमचा चेहरा दिसायला नको." आयुष्यभर तिने मुलांच्या मागे फेऱ्या घालत लक्ष ठेवलं होतं, मान वळवू नकोस, शेजाऱ्याकडे बघू नकोस. आज ती भिंतीशी बसली आणि समोर आईची पाठ होती. पातळ झालेले केस, मानेवरचा तीळ, सकाळी तिनेच घातलेली वेणी. आज वार कोणता? आईने मागे वळून पाहिलं. "पुढं बघा आजी," डॉक्टर हळूच म्हणाला. "तिला विचारा ना," आई म्हणाली, "तिला सगळं येतं. बाई आहे ती." मग जरा वेळाने, "सोमवार." पेन्सिलने फुली मारली. आज बुधवार होता. खोलीही आज दुसऱ्या मजल्यावरची होती. आई म्हणाली पहिला, फुली. डॉक्टरने नवे तीन शब्द सांगितले, आईने मान हलवली, आणि थोड्या वेळाने त्याने ते परत विचारले तेव्हा आई आनंदाने, चालीवर म्हणाली, किल्ली, नदी, खुर्ची. मग तिला स्वतःलाच काहीतरी खटकलं असावं. ती थांबली. "हे ते नव्हेत," ती म्हणाली. "ते गेले." तिचे खांदे आत गेले. मागे बसलेल्या लेकीच्या तोंडात नवे तीनही शब्द तयार होते, जिभेवर आलेले होते. तिने ओठ दातांखाली धरले. नुसतं बसणं इतकं कठीण असतं, हे तिला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, बाबा त्या शांततेत उभे राहत तेव्हा त्यांनाही असंच होत असेल का, उत्तर माहीत असताना तोंड मिटून ठेवायचं, आणि समोरच्यावर, समोरच्यात जो कुणी बसलाय त्याच्यावर, भरवसा टाकायचा. फुल्या पडत गेल्या. आई सावकाश होती, प्रत्येक प्रश्नाला खूप हिंडत होती, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येत होती. पण हिंडत होती ती स्वतः. कितीतरी महिन्यांनी लेक आईला चालताना बघत होती.

"आता मनातलं कोणतंही एक वाक्य लिहा," डॉक्टर म्हणाला आणि त्याने कोरा कागद पुढे सरकवला. भिंतीशी बसलेलीचे डोळे आपोआप खिडकीकडे गेले. बाहेर धूळ होती, उकाडा होता. आईने पेन्सिल हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली. आ काढायला सुरुवात करेल, तिला वाटलं, आज हवा. नको, देवा, ते नको. पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. पुन्हा हलली. एकेक अक्षर, लहान मुलीचं, शाळेतून काढून घेतलेल्या मुलीचं अक्षर, रेघ सोडून वर चढत जाणारं. डॉक्टर घड्याळाकडे बघायचा थांबला. बऱ्याच वेळाने आईने कागद त्याच्याकडे सरकवला आणि त्याने तो वाचला. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि आईच्या खांद्यावरून मागे, भिंतीशी. नियम मोडून त्याने तो कागद उचलून तिला दिसेल असा धरला. लिहिलं होतं, माझी मुलगी दमली आहे.

"वाक्य पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता. "याचा एक गुण." त्याने बरोबरची खूण केली.

आईने ती खूण नीट पाहिली. मग पुढे वाकून, इमानदार मूल बाईंना सांगतं तसं, हलक्या आवाजात ती त्याला म्हणाली, "हे तिनं शिकवलेलं नाही हं."

डॉक्टरने मान हलवली. कागदावर अजून प्रश्न उरले होते, पण पुढचा विचारायच्या आधी त्याने पेन्सिल खाली ठेवली.